ससे: नर-मादी एकत्र ठेवावेत की वेगळे? नव्याने पाळणाऱ्यांसाठी

सशांची जोडी आणली की बहुतेक जण दोघांना एकाच पिंजऱ्यात सोडतात. एकमेकांना सोबत होईल आणि पिल्लंही होतील, असा साधा हिशेब असतो. पिल्लं होतात, त्यात शंका नाही. पण ती कधी होणार, किती दिवसांच्या अंतराने होणार आणि त्यातली किती जगणार, यातलं काहीच मग आपल्या हातात राहत नाही.

मी हे शिकलो ते दोन माद्या म्हणून घेतलेल्या सशांकडून. विकणाऱ्याने दोन्ही माद्याच आहेत असं सांगितलं आणि मीही उलटून पाहिलं नाही. एका सकाळी पिंजऱ्याच्या जाळीवर सहा पिल्लं पडलेली दिसली, सगळी गार झालेली. पेटी नव्हती, गवत नव्हतं, मादी गाभण आहे हेच ठाऊक नव्हतं. त्याच दुपारी नर वेगळा केला. तरीही ३१ दिवसांनी ती पुन्हा व्याली. वेगळं करेपर्यंतच्या त्या काही तासांत ती परत गाभण राहिली होती.

म्हणून माझं सांगणं सुरुवातीलाच सांगतो. पिल्लं हवी असतील तर नर आणि मादी वेगवेगळे ठेवा, काही मिनिटांसाठी एकत्र आणा आणि ती तारीख लिहून ठेवा. पुढची सगळी कामं त्या एका तारखेवर चालतात. पिल्लं नको असतील आणि दोघांनी खरंच एकत्र राहावं असं वाटत असेल, तर त्याचा मार्ग वेगळा आहे. तो शेवटी दिला आहे.

आधी मादीचं शरीर समजून घ्या

गाई-म्हशींसारखा ठरावीक दिवसांनी येणारा माज सशाच्या मादीत नसतो. तिच्या अंडाशयात बीजं जवळजवळ सतत तयार होत राहतात, पण ती आपोआप सुटत नाहीत. नराशी मिलन झालं की त्या उत्तेजनेने साधारण १० ते १२ तासांनी बीजं सुटतात. म्हणजे नर येतो तेव्हाच गर्भधारणेची वेळ ठरते. वयात आलेली मादी महिन्यातले बरेचसे दिवस नराला स्वीकारायला तयार असते.

त्यात व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत ती फार सहज गाभण राहते. नर त्याच पिंजऱ्यात असेल तर तो वाट पाहत नाही. अंगावर नवजात पिल्लं आणि पोटात पुढची खेप, अशी तिची अवस्था होते. गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा असल्यामुळे पहिली पिल्लं महिन्याची होतात तेव्हा दुसरी येऊन पडतात. दूध देण्यातच मादीची मोठी शक्ती जाते. त्यात गर्भही वाढवायचा म्हटलं की तिचं अंग उतरतं, केस निस्तेज होतात, पुढच्या वेताला पिल्लं कमी आणि हलकी येतात. काही वेळा पोटातले गर्भ शरीरातच जिरून जातात. मग पाळणारा म्हणतो, "आधी आठ द्यायची, आता तीनच देते, मादी बिघडली." बहुतेक वेळा ती दमलेली असते.

रानात हेच ससे कळपाने राहतात, मग पिंजऱ्यात का नाही, असं कोणी विचारेल. रानातली मादीसुद्धा पुष्कळदा पिल्लांसाठी मुख्य बिळापासून वेगळं छोटं बीळ खणते, आत अंगावरचे केस आणि गवत अंथरते, तोंड मातीने बुजवते आणि दिवसातून एकदा येऊन दूध पाजून जाते. नरापासून आणि इतर माद्यांपासून लांब जाण्याची सोय तिथे असते. आपल्या पिंजऱ्यात ती आपणच करून द्यायची.

पायरी १: नर कोण, मादी कोण

हे स्वतः पाहा, दुसऱ्याच्या शब्दावर ठेवू नका. ससा मांडीवर घेऊन हळूच पाठीवर वळवा. मागचा भाग हाताने नीट आधार देऊन धरा. घाबरून जोरात लाथ मारताना सशाचा कणा मोडू शकतो. मग जननेंद्रियाच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकेच दाब द्या. नरात गोल तोंडाची छोटी नळी वर येते. मादीत उभी फट दिसते, गुदद्वाराच्या दिशेने उतरत जाणारी. नरात ही जागा आणि गुदद्वार यांच्यातलं अंतर जास्त असतं.

तीन-चार आठवड्यांच्या पिल्लात फरक दिसतो, पण नवख्याची फसगत होते. १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास नराचे वृषण खाली उतरू लागतात, तेव्हा खात्री करता येते. एकदा पाहून थांबू नका, दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा. वृषण दिसले नाहीत म्हणून मादी ठरवू नका. घाबरलेला नर ते वर ओढून घेतो.

पायरी २: पिंजरे

प्रत्येक प्रौढ नराला स्वतंत्र पिंजरा. दोन वयात आलेले नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांचे वृषण फाडेपर्यंत भांडतात. मादीलाही स्वतंत्र पिंजरा हवा, आणि तो नराच्या पिंजऱ्यापेक्षा मोठा, कारण त्यात विण्याची पेटी आणि पुढे पिल्लंही मावायची असतात. ससा लांब पसरून झोपू शकला पाहिजे आणि मागच्या पायांवर उभा राहिला तर कान छताला लागू नयेत. तळाला सगळीकडे जाळी असेल तर एका भागात लाकडी फळी टाका, नाहीतर तळपायांना जखमा होतात.

नराचा पिंजरा माद्यांच्या फार लांब नको. नराचा वास आणि चाहूल असली की माद्या मिलनाला लवकर तयार होतात. मात्र दोन्ही जाळ्या एकमेकींना चिकटवू नका. जाळीतून मिलन झाल्याचे प्रकार घडतात, आणि नाकं-बोटं चावली जातात ती वेगळीच. वीतभर अंतर पुरे.

एक निरोगी नर आठ-दहा माद्यांना पुरतो. सुरुवात करणाऱ्याने एक नर आणि दोन माद्या घ्याव्यात, जास्त नकोत. दोनच का, ते पुढे कळेल.

पायरी ३: वय

लहान जातीची मादी साडेतीन-चार महिन्यांत गाभण राहू शकते. राहू शकते म्हणून राहू द्यायची नाही. लहान जातीत पाच महिने, मध्यम जातीत सहा, मोठ्या जातीत आठ-नऊ महिने थांबा. वय माहीत नसेल तर वजनावर जा. त्या जातीच्या प्रौढ मादीच्या निदान तीन चतुर्थांश वजन झालेलं असावं. नराला साधारण महिनाभर जास्त द्या. नवा नर पहिल्या दोन-तीन महिन्यांत आठवड्यातून एक-दोनदाच वापरा.

सख्खे भाऊ-बहीण लावू नका. एकाच वेतातली जोडी विकत घेतली असेल तर त्यातला एक बदलून दुसरीकडचा आणा.

पायरी ४: लावण्याआधी दोघांना तपासा

नाक वाहतंय का, पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकट झालेत का (नाक पुसून पुसून होतात), कानात खपल्या आहेत का, तळपाय सोललेत का, हे पाहा. जननेंद्रियाभोवती फोड, व्रण किंवा खपली दिसली तर मिलन रद्द. सशांमध्ये मिलनातून पसरणारा सिफिलिससारखा जिवाणूजन्य रोग असतो. तो माणसाला होत नाही, पण एका नरापासून सगळ्या माद्यांना होतो. पशुवैद्याच्या औषधाने बरा होतो. औषध मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका, कारण कितीतरी अँटिबायोटिक्स सशाच्या आतड्यांना जीवघेणी ठरतात.

मादीची योनी फिकट पांढरट असेल तर ती बहुधा नराला नाकारेल. लालसर किंवा जांभळट लाल आणि थोडी सुजल्यासारखी असेल तर ती तयार आहे. लठ्ठ मादी सहसा फळत नाही. पाठीच्या मणक्यांवरून हात फिरवल्यावर हाडं अजिबात लागत नसतील तर आधी दाणा कमी करून तिला गवतावर आणा.

पायरी ५: मादी नराकडे न्यायची

हा नियम कधीच उलटा करू नका. मादीला आपल्या जागेचा फार अभिमान असतो. तिच्या पिंजऱ्यात नर सोडला तर ती त्याला घुसखोर समजून अंगावर जाते, चावते, ओरबाडते. नराची अडचण वेगळी: नव्या जागेत गेला की तो आधी हनुवटी घासत सगळीकडे वास लावत बसतो आणि मादीकडे लक्षच देत नाही. नराच्या घरात मादी नेली की दोन्ही अडचणी सुटतात.

सकाळची किंवा संध्याकाळची गार वेळ निवडा. नराच्या पिंजऱ्यातलं पाण्याचं भांडं, दाण्याची वाटी बाजूला काढा. मादी सोडा आणि तिथेच उभे राहा. दार लावून चहाला जाऊ नका. तयार मादी थोडी पळून मग अंग लांब करते आणि मागचा भाग उचलते. मिलन काही सेकंदांचंच असतं. ते झाल्याची खूण अशी, की नर एकदम बाजूला किंवा मागे पडतो, बहुतेक वेळा बारीक आवाज काढून. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, पण तसं झालं म्हणजे काम झालं. नर नुसता चढून उतरला तर ते धरायचं नाही.

दोनदा असं झालं की मादी उचलून तिच्या पिंजऱ्यात ठेवा. हवं तर त्याच दिवशी काही तासांनी पुन्हा एकदा न्या. बीजं सुटायला १० ते १२ तास लागत असल्यामुळे दुसऱ्या मिलनाचा उपयोग होऊ शकतो. त्यापुढे थांबा.

मादी कोपऱ्यात दबून बसली, गुरगुरली, शेपूट दाबून धरली, तर पाच-दहा मिनिटांत बाहेर काढा. तिला धरून जबरदस्ती करायची नाही. एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहा. दर वेळी नाकारणाऱ्या मादीसाठी एक युक्ती चालते: नर दुसरीकडे हलवून मादीला एक दिवस नराच्या रिकाम्या पिंजऱ्यात ठेवा. नराच्या वासात राहिली की पुष्कळदा दुसऱ्या दिवशी नराला स्वीकारते.

आणि मग तारीख. पिंजऱ्यावर कार्ड लटकवा: मादीचं नाव, नराचं नाव, मिलनाची तारीख. त्याखाली आजच आणखी तीन तारखा लिहून टाका: १२वा दिवस, २८वा दिवस, ३१वा दिवस.

पायरी ६: गाभण आहे की नाही

१०व्या ते १४व्या दिवसांदरम्यान पोट चाचपून कळतं. मादी सपाट जागेवर उभी, एक हात खांद्यांवर, दुसरा पोटाखाली. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, अगदी हलका दाब. गर्भ मोठ्या द्राक्षांसारखे, बोटांतून निसटणारे लागतात. लेंड्या लहान, कडक आणि पाठीकडच्या बाजूला असतात. हात बसायला वेळ लागतो. पहिल्या दोन-तीन माद्यांवर जाणकाराकडून शिकून घ्या, आणि १४ दिवसांनंतर उगाच दाबत बसू नका.

पुन्हा नराकडे नेऊन पाहायचं, नाकारलं म्हणजे गाभण, ही जुनी पद्धत अजून चालते. मला ती मान्य नाही. काही गाभण माद्या नराला स्वीकारतात आणि काही रिकाम्या माद्या नाकारतात, त्यामुळे उत्तर भरवशाचं मिळत नाही. शिवाय गाभण मादीची दमछाक होते.

इथे खोटा गर्भ समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण सशांच्या राहणीशी त्याचा थेट संबंध आहे. बीजं सुटली पण गर्भ राहिला नाही, तर मादीचं शरीर १६ ते १८ दिवस गाभणपणाचं सोंग घेतं. ती केस उपटते, तोंडात गवत घेऊन फिरते, चिडचिडी होते. वांझ नराच्या मिलनाने असं होतं, आणि एकत्र ठेवलेल्या दोन माद्या एकमेकींवर चढल्या तरी होतं. म्हणून मादीलाही मिलनाच्या आधीचे दोन-तीन आठवडे एकटी ठेवा. मिलनापासून १७व्या दिवशी केस उपटू लागली तर खोटा गर्भ, ३०व्या दिवशी उपटू लागली तर खरा. तारीख लिहिलेली नसेल तर हा फरक कळायला मार्गच नाही. खोटा गर्भ उतरला की मादी सहसा सहज फळते, तेव्हा ती संधी घ्या.

सलग दोन-तीन माद्या फळल्या नाहीत तर नराकडे पाहा. हवा ३० अंशांच्या वर जाऊन बरेच दिवस तशीच राहिली तर नराचं वीर्य कमकुवत होतं, आणि गारवा आल्यावरही ते सुधारायला दोन महिने सहज लागतात. तो मिलन नेहमीसारखंच करतो, त्यामुळे वरून काही कळत नाही. उन्हाच्या दिवसांत नराला सगळ्यात थंड, हवेशीर जागा द्या.

पायरी ७: पेटी आणि वेत

२८व्या दिवशी विण्याची पेटी ठेवा. मध्यम जातीला सुमारे ४५ सेंटीमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच पुरते. मादीला आत वळता आलं पाहिजे, पण ऐसपैस लोळता येऊ नये. पुढची बाजू थोडी ठेंगणी, म्हणजे ती उडी मारून आत जाईल आणि पिल्लं बाहेर येणार नाहीत. कोरडं मऊ गवत भरा. मादी ज्या कोपऱ्यात लघवी करते त्याच्या समोरच्या कोपऱ्यात पेटी ठेवा. आठवडाभर आधीच ठेवली तर ती पेटीतच घाण करते.

मादी बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे विते, अर्ध्या तासात सगळं आटोपतं. सकाळी तिला आवडता पाला द्या, हात धुऊन तिच्याच गवतात चोळा आणि पेटी पाहा. मेलेलं पिल्लू, वार काढून टाका, जिवंत पिल्लं मोजा. माणसाचा हात लागला की मादी पिल्लं टाकते, हे खरं नाही; ओळखीच्या माणसाने शांतपणे पाहिलं तर चालतं. पेटीबाहेर गार पडलेलं पिल्लू दिसलं तर मेलं म्हणून टाकू नका, आधी हाताच्या उबेत गरम करून पाहा.

मादी दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तीन-चार मिनिटं पाजते. उरलेला वेळ ती पेटीकडे फिरकत नाही. "मादी पिल्लांना बघतच नाही" अशी तक्रार ऐकू आली की मी पिल्लांचं पोट पाहायला सांगतो. पोट गोल आणि ताणलेलं असेल तर सगळं ठीक आहे.

आता दोन माद्यांचं कारण. दोघींना एकाच दिवशी लावलं तर दोघी दिवसा-दोन दिवसांच्या फरकाने वितात. मादीला साधारण आठ सड असतात. एकीला अकरा झाली आणि दुसरीला चार, तर तीन-चार पिल्लं दुसरीकडे ढकलता येतात. वयात तीन दिवसांपेक्षा जास्त फरक नसेल तर दुसरी मादी सहसा ती पाजते. एकीला दूध आलं नाही तरी पिल्लं वाचतात.

या सगळ्या काळात नर लांबच. नर पिल्लांना मुद्दाम मारतो असं सहसा नसतं, पण तो मादीच्या मागे लागतो, पेटीत उड्या पडतात आणि पिल्लं तुडवली जातात.

पायरी ८: पुढचं मिलन आणि पिल्लांची विभागणी

पिल्लांचे डोळे १०-१२ दिवसांनी उघडतात, तीन आठवड्यांची झाली की ती पेटीबाहेर येऊन गवत चघळतात. पाच-सहा आठवड्यांनी दूध तोडा. एकदम सगळी काढण्यापेक्षा मोठी पिल्लं आधी काढा, लहान दोन-तीन दिवस राहू द्या. मादीचं दूधही हळूहळू आटतं. मोठ्या व्यवसायात व्यायल्यापासून ११व्या दिवशीच मादी पुन्हा लावतात आणि ४२ दिवसांचं चक्र चालवतात. त्यासाठी खाणं, देखरेख, नोंदी सगळंच त्या तोडीचं लागतं. नवख्याने दूध तोडल्यावर मादीचं अंग भरलेलं पाहून मगच तिला लावावं. वर्षाला चार वेतं झाली तरी खूप झाली.

१० आठवड्यांची झाली की पिल्लांमधले नर आणि माद्या वेगळे करा. १२ आठवड्यांच्या पुढे अजिबात नेऊ नका. तीन महिन्यांचा नर आईवरही चढतो.

एक नर आणि अनेक माद्या मोठ्या कुंपणात

असंही काही जण पाळतात, आणि ससे धावताना, उकरताना पाहून आनंद होतो हे खरं. पण तिथे कोणती मादी कधी फळली ते कळत नाही, एकीच्या पेटीत दुसरी शिरते, माद्या एकमेकींची पिल्लं मारतात आणि आजार एकदम सगळ्यांत पसरतो. करायचंच असेल तर माद्या लहानपणापासून एकत्र वाढलेल्या असाव्यात, मादीपेक्षा पेट्या जास्त असाव्यात आणि नर कायमचा आत न ठेवता ठरलेल्या दिवशी सोडून पुन्हा काढावा. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नका.

पिल्लं नकोत, पण दोघं एकत्र हवेत

हे करता येतं, आणि शस्त्रक्रिया केलेला नर आणि शस्त्रक्रिया केलेली मादी ही सशांमधली सगळ्यात चांगली जमणारी जोडी. सशांवर काम करणारा पशुवैद्य शोधा. नराचं खच्चीकरण झाल्यावरही चार ते सहा आठवडे तो मादीला गाभण ठेवू शकतो, तेवढे दिवस वेगळाच ठेवा. मादीचीही शस्त्रक्रिया करा. वय वाढलं की शस्त्रक्रिया न केलेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो. तो धोका जातो आणि खोट्या गर्भाची चिडचिडही संपते.

जखमा भरल्यावर दोघांचे पिंजरे थोड्या अंतराने समोरासमोर ठेवा, रोज एकाचं गवत, खेळणं दुसऱ्याकडे टाका. आठवडा-दोन आठवड्यांनी, दोघांपैकी कोणाचाच हक्क नसलेल्या जागी, रोज दहा-पंधरा मिनिटं समोर सोडा. एकमेकांवर चढणं, थोडा पाठलाग चालतो. कान मागे, शेपूट वर आणि गोल गोल फिरणं सुरू झालं की भांडण जुंपणार आहे. लगेच जाड टॉवेल मध्ये घालून वेगळे करा, उघडा हात घालू नका. काही जोड्या चार दिवसांत जमतात, काहींना दोन महिने लागतात. एकाने दुसऱ्याचं डोकं चाटलं, दोघं एकाच ढिगातलं गवत खाऊ लागले, अंगाला अंग लावून झोपले आणि हे सलग बरेच दिवस टिकलं, की दोघांना धुऊन पुसून वास घालवलेल्या पिंजऱ्यात एकत्र ठेवा. पहिले दोन दिवस घरात कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. त्यानंतर एकाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर दुसऱ्यालाही बरोबर न्या; एकटा जाऊन परका वास घेऊन परतलेल्या जोडीदाराला दुसरा ओळखत नाही आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.